खोली आणि खर्ज

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या अंगचा उणेपणा झाकण्यासाठी जो परिस्थितीला बोल लावतो त्याच्यासाठी ती योजलेली आहे, आणि बहुतेक प्रसंगी ती यथार्थही ठरते. परंतु संगीतश्रवणाचा एक प्रांत असा आहे की, जेथे अंगण खरोखरच वाकडे असते. ध्वनिमुद्रण निर्दोष, ध्वनिवर्धक उत्तम, गायक तर थोर; आणि तरीही बैठकीच्या खोलीत एका खुर्चीवर तबल्याचा डग्गा छातीवर आदळावा तसा घुमतो, तर तिच्यापासून चार हातांवर बसलेल्या आजोबांना तो जवळजवळ ऐकूच येत नाही. आजोबांचे कान आता गेले, असा निष्कर्ष काढून घरातील मंडळी मोकळी होतात. वस्तुतः उतारवयात प्रथम कमी होते ते उंच स्वर ऐकण्याचे सामर्थ्य. खर्ज पुष्कळ वर्षे टिकून राहतो. ज्यांना तबल्याची चाट स्पष्ट ऐकू येते पण डग्गा ऐकू येत नाही, त्यांच्या कानांवर संशय घेण्यापूर्वी ते बसले आहेत त्या जागेवर संशय घेणे अधिक शास्त्रशुद्ध होय.

खोलीतील सर्व श्रोत्यांना खर्ज सारखा का ऐकू येत नाही, आणि तो सारखा ऐकू यावा म्हणून काय करता येते, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. शाळेत शिकविले जाणारे तरंगांचे गणित आणि एक मोजपट्टी एवढ्या साहित्यावर हा विषय समजण्यासारखा आहे.

आमच्या भोपाळ शहरात ह्या विषयाचे अगत्य विशेष असावयास हवे. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे आली, तेव्हा नागपुराहून सरकारी नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तंबोरे, तबले आणि गाण्याच्या बैठकीही आल्या. पुढे १३ फेब्रुवारी १९८२ रोजी वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया ह्यांनी रचलेले भारत भवन मोठ्या तलावाच्या काठी उघडले गेले. ह्याच शहरातील ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर ह्यांनी शिष्यांची एक पिढी घडविली. ध्रुपदाच्या आलापात गायक मंद्र सप्तकात खोल उतरतो आणि तेथे बराच काळ रमतो. साथीला पखवाज असतो. अशा गायनातून खर्ज वजा केला, तर देवळाचा कळस राहतो आणि पाया नाहीसा होतो.

प्रथम आकडे पाहू. आवाज म्हणजे हवेतील दाबाचा चढउतार. तो एका सेकंदात किती वेळा होतो ती त्याची वारंवारता. ती हर्ट्झ ह्या एककात मोजतात. हवेचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४६ मीटर जातो. ह्या वेगाला वारंवारतेने भागले की एका तरंगाची लांबी मिळते. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर-दीड वीत. ह्याउलट ३४.६ हर्ट्झच्या स्वराचा एकच तरंग १० मीटर लांब असतो. उंच स्वरांचे तरंग खोलीच्या मानाने लहान असतात. ते खोलीत पाचोळ्यासारखे इकडून तिकडे विखुरतात. खर्जाचे तरंग मात्र खोलीएवढे किंवा तिच्याहूनही मोठे असतात. खोलीच्या भिंतींशी त्यांची जी गाठ पडते, तीतून सारी गुंतागुंत उत्पन्न होते.

ही गाठ कशी पडते ते घरगुती उदाहरणाने पाहावे. लांबट टबमध्ये अर्धे पाणी घेऊन तो सावकाश, पण ठराविक तालात लांबीच्या दिशेने हलवावा. विशिष्ट ताल साधला की पाणी एका टोकाला चढते तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरते, आणि हा खेळ थोड्या श्रमाने चालू राहतो. टबच्या बरोबर मध्यावर पाहिले तर तेथील पातळी जवळजवळ हलतच नाही. खोलीतील हवेचेही असेच होते. पाण्याच्या पातळीच्या जागी हवेचा दाब आहे, एवढाच भेद. ध्वनिवर्धकाने उत्पन्न केलेला तरंग समोरच्या भिंतीवर आपटून परततो, मागच्या भिंतीवरून पुन्हा वळतो. तो मूळ जागी येऊन पोहोचतो त्याच क्षणी ध्वनिवर्धकाचा पुढचा धक्का मिळाला, तर झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या धक्क्याप्रमाणे आंदोलन वाढत जाते. ह्या घटनेस अनुनाद म्हणतात. पुढे जाणारा व मागे येणारा असे दोन तरंग एकमेकांत मिसळून जो ठसा खोलीत उमटतो, तो जागचा हलत नाही. म्हणून त्यास अप्रगामी तरंग असे नाव आहे. त्यात काही जागी दाबाचा चढउतार अतिशय मोठा असतो, तर काही जागी तो जवळजवळ शून्य असतो. आपला कान दाबाचाच चढउतार ऐकतो. सबब पहिल्या जागी बसणाऱ्याला तो स्वर प्रचंड वाटतो, आणि दुसऱ्या जागी बसणाऱ्याला तो हरवल्यासारखा वाटतो. पहिल्या प्रकारच्या जागेस आपण 'घुमती जागा' म्हणू आणि दुसरीस 'शांत जागा' म्हणू.

आता एक खोली कल्पू. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर, उंची ३ मीटर. मध्यमवर्गीय घरातील ऐसपैस दिवाणखाना साधारण एवढा असतो. लांबीच्या दिशेने तरंगाची एक फेरी, म्हणजे जाणे आणि येणे, १० मीटरची. ३४६ ला १० ने भागले की ३४.६ हर्ट्झ. हा ह्या खोलीचा लांबीच्या दिशेचा पहिला स्वर. त्याच्या दुपटीचा, तिपटीचा आणि चौपटीचा स्वरही त्याच भिंतींमध्ये बसतो : ६९.२, १०३.८ आणि १३८.४ हर्ट्झ. रुंदीच्या दिशेने ४३.३ आणि ८६.५, उंचीच्या दिशेने ५७.७ आणि ११५.३. लांबी व रुंदी दोहोंच्या भिंतींवरून तिरके फिरणारे तरंगही असतात. त्यांतील पहिला ५५.४ हर्ट्झचा. पेटीसारख्या बंद जागेतील हवेच्या अशा कंपनांचे गणित लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७७-७८ साली प्रसिद्ध केलेल्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथात मांडून ठेवले आहे.

ह्या आकड्यांत संगीताच्या विद्यार्थ्याला एक नवल आढळेल. पुरुष गायक पुष्कळदा काळी एकच्या पट्टीत गातात. त्या पट्टीचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा असतो. म्हणजे तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास, मंद्र पंचमाची तार १०४ च्या आसपास आणि खर्जाची तार ६९ च्या आसपास. वर काढलेले लांबीच्या दिशेचे दुसरा, तिसरा आणि चौथा स्वर तेच आहेत! आपली ५ मीटर लांबीची खोली म्हणजे जणू काळी एकमध्ये मिळवून ठेवलेला एक तंबोराच आहे. गायकाने मंद्र षड्ज लावला की ती त्याला साथ देऊ लागते. कोणी म्हणेल, ही तर उत्तम गोष्ट झाली. परंतु ही साथ ती सर्वांना सारखी देत नाही.

षड्ज कोठे हरवतो ते पाहू. ६९.२ हर्ट्झच्या स्वरासाठी दोन्ही टोकांच्या भिंती आणि खोलीचा मध्य ह्या घुमत्या जागा आहेत. शांत जागा एका भिंतीपासून १.२५ मीटरवर आणि ३.७५ मीटरवर. पंचमासाठी, म्हणजे १०३.८ हर्ट्झसाठी, शांत जागा ०.८३ मीटर, २.५ मीटर आणि ४.१७ मीटर ह्या अंतरांवर. आता खोलीच्या बरोबर मध्यावर, २.५ मीटरवर, एक श्रोता बसला आहे असे समजा. त्याला खर्जाचा षड्ज दणदणीत, पण पंचम दुबळा. भिंतीपासून १.२५ मीटरवर बसलेल्याला पंचम चांगला, पण षड्ज निस्तेज. दोघेही एकाच खोलीत, एकाच वेळी, एकच गाणे ऐकत आहेत आणि तरीही दोघांच्या कानी दोन निराळे तंबोरे पडत आहेत. गाणे संपल्यावर 'साथ जरा जड वाटली' असे एकाने म्हणावे आणि 'छे, फिकी होती' असे दुसऱ्याने म्हणावे, तर दोघांचेही म्हणणे खरे असू शकते.

हा फरक थोडाथोडका नसतो. लहान खोल्यांत खर्जाच्या एखाद्या स्वराची पातळी दोन जागांमध्ये २० डेसिबलपर्यंत बदललेली आढळते. १० डेसिबल म्हणजे ध्वनीची शक्ती १० पट आणि २० डेसिबल म्हणजे १०० पट! तंबोऱ्याच्या बाबतीत आपले कान काही प्रमाणात सावरून घेतात. खर्जाच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटी-तिपटीचे स्वरही निघत असतात. मूळ स्वर हरवला तरी त्या वरच्या स्वरांवरून मेंदू त्याची कल्पना करून घेतो. म्हणून षड्ज ओळखू येतो, केवळ त्याचे वजन जाते. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मात्र मूळ स्वराचाच भरणा अधिक. तो गेला की फारसे काही उरत नाही. तबलजी मनगटाच्या दाबाने डग्ग्यावर घिस्सा घेतो तेव्हा स्वर सरकत जातो, आणि सरकताना खोलीच्या एखाद्या स्वराला स्पर्श करतो. तेवढ्यापुरता तो कोणा श्रोत्याच्या कानी एकदम फुगतो, कोणाच्या कानी बुडतो. हाताने घेतलेली सुबक मींड खोलीने अशी तुकड्यातुकड्यांनी वाढलेली असते.

ह्यावर नेहमीचा उपाय म्हणजे यंत्राची बेसची चावी पिरगाळणे किंवा इक्वलायझरची पट्टी वरखाली करणे. हा उपाय कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे ध्यानात घेणे हाच ह्या विषयाचा गाभा आहे. पंगतीत एका पानावर मीठ वाढावयाचे राहिले म्हणून कोणी साऱ्या आमटीत मीठ घातले, तर त्या एकाचे जेवण कदाचित सुधारेल, परंतु उरलेल्या पंगतीचे बिघडेल. चावी ही आमटीतील मिठासारखी आहे. ती सर्व श्रोत्यांना एकाच मापाने लागू होते. आजोबांच्या शांत जागेसाठी ६९ हर्ट्झचा स्वर वाढविला, तर मध्यावर बसलेल्या नातवाच्या कानठळ्या बसतात. नातवासाठी तो घटविला, तर आजोबांचा उरलासुरला षड्जही जातो. त्यातही शांत जागा अगदी शून्याजवळ असेल, तर यंत्राची शक्ती कितीही वाढविली तरी तेथे काही पोहोचत नाही. शून्याला कितीही मोठ्या संख्येने गुणले तरी शून्यच. जो दोष सर्व जागांना समान आहे तोच चावीने दूर होतो. जो दोष जागेजागी निराळा आहे, तो चावीने दूर होऊ शकत नाही. म्हणून आधी सर्व जागा सारख्या करावयाच्या आणि मग चावीला हात लावावयाचा, हा क्रम होय.

जागा सारख्या करण्याची युक्ती ध्वनिवर्धकाच्या स्थानात आहे. टबमधील पाणी एका टोकाशी हाताने दाबले तर ते चटकन हेलकावू लागते; बरोबर मध्यावर तोच हात वरखाली केला तर लांबीच्या दिशेचा तो पहिला हेलकावा उत्पन्नच होत नाही. त्याचप्रमाणे, ज्या स्वराच्या घुमत्या जागी ध्वनिवर्धक ठेवावा तो स्वर खोली जोराने उचलते. ज्याच्या शांत जागी ठेवावा तो स्वर ती उचलत नाही. खोलीचा कोपरा ही सर्वच स्वरांची घुमती जागा आहे. कोपऱ्यात ठेवलेल्या वूफरचा आवाज मोठा वाटतो तो ह्याच कारणाने. आणि तेथे ठेवला असता जागेजागीचा भेदही सर्वाधिक होतो.

दोन किंवा चार ध्वनिवर्धक एकत्र वापरले तर ह्याहून पुढे जाता येते. कोणत्याही एका क्षणी दाबाच्या कमाल वाढीस अधिक १, कमाल घटीस उणे १ आणि शांत जागेस ० मानू. लांबीच्या पहिल्या स्वरासाठी पुढची भिंत अधिक १, मध्य ०, मागची भिंत उणे १. दुसऱ्या स्वरासाठी अधिक १, उणे १, अधिक १. तिसऱ्यासाठी पुन्हा अधिक १, ०, उणे १. आता चारही भिंतींच्या मध्यावर एकेक, असे चार सारखे वूफर ठेवले आणि चौघांना एकच संदेश दिला. त्यांतील एक पुढच्या भिंतीशी, एक मागच्या भिंतीशी आणि उरलेले दोन बाजूच्या भिंतींशी, म्हणजे लांबीच्या मध्यावर. बेरीज करून पाहा. पहिला स्वर : १ − १ + ० + ० = ०. दुसरा स्वर : १ + १ − १ − १ = ०. तिसरा स्वर : १ − १ + ० + ० = ०. तिन्ही बेरजा शून्य! रुंदीच्या दिशेनेही हेच घडते. चौघांचे धक्के परस्परांना छेद देतात आणि तो हेलकावा उठतच नाही. मग खर्ज मुळीच ऐकू येणार नाही काय? तसे नाही. हेलकावा नाहीसा झाला तरी चारही वूफर खोलीतील सर्व हवा एकदम दाबतात व एकदम सोडतात. हा दाब सर्वत्र सारखा असतो. आपल्याला हवा होता तो हाच सर्वांना समान पोहोचणारा खर्ज. त्याची पातळी एकंदरीने थोडी कमी भरते. परंतु ती उणीव सर्व जागांना समान असल्यामुळे आता चावीने भरून काढता येते.

कागदावरील ही बेरीज प्रत्यक्षात कितपत उतरते ह्याची पद्धतशीर पाहणी अमेरिकेतील हर्मन ह्या कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी ह्यांनी केली आणि २००२ साली प्रसिद्ध केली. चौकोनी खोलीत वूफर कोठे व किती ठेवावे, असा त्यांचा प्रश्न होता. चार भिंतींच्या मध्यावर चार ही मांडणी उत्तम ठरली. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ही मांडणीही पुष्कळ चांगली निघाली. चारांहून अधिक वूफर वाढवीत गेल्याने विशेष लाभ झाला नाही.

तथापि चार वूफर घेणे बहुतेक कुटुंबांना परवडण्यासारखे नाही. घरात दोन ध्वनिवर्धक असतील तर आमच्या मते पुढील मांडणी करून पाहावी. खोलीच्या लांब भिंतीला लागून एक ध्वनिवर्धक लांबीच्या एक-चतुर्थांशावर आणि दुसरा तीन-चतुर्थांशावर ठेवावा. आपल्या कल्पित खोलीत १.२५ आणि ३.७५ मीटरवर. लांबीच्या पहिल्या आणि तिसऱ्या स्वरासाठी हे दोघे परस्परविरुद्ध जागी येतात, म्हणून त्यांची बेरीज शून्य. दुसऱ्या स्वरासाठी दोघेही शांत जागी येतात, म्हणून तीही शून्य. त्यामुळे १३८ हर्ट्झपर्यंत लांबीच्या दिशेने भेद असा राहत नाही. श्रोत्यांनी त्या भिंतीला समांतर अशा ओळीत बसावे, म्हणजे ओळीच्या एका टोकाला असलेल्या आजीला आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या नातीला खर्ज सारखाच मिळेल. रुंदीच्या दिशेचा भेद उरतो. त्यासाठी ओळ खोलीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर घेऊ नये, कारण रुंदीच्या पहिल्या स्वराची ती शांत जागा आहे. उंचीच्या दिशेचा दोष मात्र त्रास देत नाही. सर्व मंडळी सतरंजीवर किंवा सर्व मंडळी खुर्च्यांवर बसली, तर सर्वांचे कान जवळपास एकाच उंचीवर असतात आणि दोष सर्वांना समान राहतो.

ही मांडणी करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, दोन्ही ध्वनिवर्धकांतून खर्ज सारखाच आला पाहिजे. दुसरे, त्यांच्या तारा सारख्याच जोडलेल्या हव्यात. एकीकडे तांबडी तार तांबड्या टोकाला आणि दुसरीकडे काळ्या टोकाला अशी अदलाबदल झाली, तर एकाचा धक्का पुढे जात असता दुसऱ्याचा मागे जातो. मग जे छेदले जावयाचे ते वाढते आणि जे उरावयाचे ते छेदले जाते. घरात 'वूफर असूनही दम नाही' अशी तक्रार असेल, तर तपासावयाची पहिली गोष्ट हीच.

पडदे, गालिचे आणि गाद्या लावून खर्ज आटोक्यात येईल अशी पुष्कळांची समजूत असते. मऊ पदार्थ ध्वनी शोषून घेतात हे खरे. परंतु ते उत्तम काम करतात ते हवेचे कण जेथे वेगाने हलतात तेथे. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. तिची हालचाल सर्वाधिक असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ६९ हर्ट्झसाठी हे अंतर १.२५ मीटर भरते. तेव्हा बोटभर जाडीचा गालिचा उंच स्वर शोषून खोली निर्जीव मात्र करतो आणि खर्जाला हातही लावत नाही. खर्जासाठी निराळी युक्ती लागते. ६ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तक्ता भिंतीपासून २० सेंटिमीटर पुढे चौकटीवर बसविला आणि मागील जागा सर्व बाजूंनी बंद केली, तर तक्ता व आतील हवा मिळून सुमारे ७० हर्ट्झला डोलू लागतात आणि त्या स्वराची शक्ती खर्ची घालतात. उघडी दारे-खिडक्या हाही एक उपाय आहे. त्यांतून गेलेला खर्ज परत येत नाही. सिमेंट आणि विटांच्या ताठर भिंतींच्या बंद खोलीत मात्र तो कोंडला जातो.

येथे कोणी विचारील की, मोठ्या सभागृहात हा उपद्रव इतका का जाणवत नाही? त्याचे उत्तर मॅन्फ्रेड श्रोडर ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नियमात आहे. हा नियम त्यांनी १९५४ साली मांडला आणि १९६२ साली सुधारून दिला. खोलीत आवाज विरण्यास लागणाऱ्या सेकंदांना तिच्या घनफळाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला २००० ने गुणावे. जी वारंवारता मिळते तिच्या खाली खोलीचे स्वर सुटेसुटे राहून त्रास देतात. तिच्या वर ते इतके दाट होतात की, एकाची घुमती जागा दुसऱ्याची शांत जागा झाकून टाकते. आपल्या ६० घनमीटरच्या खोलीत आवाज ०.६ सेकंदात विरत असेल, तर ही सीमा २०० हर्ट्झवर येते. अवघा खर्ज तिच्याखाली सापडतो. ३००० घनमीटरच्या सभागृहात १.२ सेकंद धरले, तर ती ४० हर्ट्झवर उतरते आणि तंबोरा व डग्गा दोन्ही तिच्या वर सुरक्षित राहतात. भारत भवनातील 'बहिरंग' ह्या खुल्या रंगमंचाची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथे वर छत नाही; गेलेला ध्वनी आकाशात आणि तलावावर निघून जातो, आणि खर्ज कोंडून ठेवण्यास खोलीच नसते. तात्पर्य, हा रोग मुख्यतः घरच्या लहान खोलीचा आहे, आणि संगीत आपण बहुतांशी तेथेच ऐकतो.

ह्या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे. शांत जागी बसलेला श्रोता खर्ज वाढवा म्हणतो, आणि तो खर्ज सर्वांत आधी शेजाऱ्याच्या घरी पोहोचतो. भिंत उंच स्वर चांगला अडविते. परंतु वारंवारता निम्मी झाली की तिची अडविण्याची शक्ती सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून शेजारच्या गाण्याचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, ठोके मात्र ऐकू येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ज्या कुटुंबाने ध्वनिवर्धकांची जागा विचाराने निवडली, त्याला आवाज चढविण्याचे कारणच उरत नाही. शेजारी अभ्यासाला बसलेला विद्यार्थी किंवा अंथरुणावर पडलेला रुग्ण त्याला मनोमन दुवा देईल.

विद्यार्थी मित्रांनी सुटीत पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. खोलीची लांबी मीटरमध्ये मोजावी आणि ३४६ ला तिने भागावे. ५ मीटरच्या खोलीस ६९.२ येतील, ४ मीटरच्या खोलीस ८६.५. मोबाइलवरील स्वरनिर्मितीच्या ॲपने तेवढ्या हर्ट्झचा अखंड स्वर काढावा. मोबाइलचा स्वतःचा इवलासा स्पीकर इतका खालचा स्वर काढू शकत नाही. म्हणून तो मोठ्या ध्वनिवर्धकाला जोडावा, ध्वनिवर्धक कोपऱ्यात ठेवावा आणि आवाज बेताचाच ठेवावा. मग दारे-खिडक्या लावून एका टोकाच्या भिंतीपासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालावे. स्वर दोनदा मावळेल आणि पुन्हा उगवेल. मावळण्याच्या दोन्ही जागी जमिनीवर खडूने खूण करावी व त्यांमधील अंतर मोजावे. ते अर्ध्या तरंगलांबीइतके असते. त्या अंतराची दुप्पट करून तिला वारंवारतेने गुणले की ध्वनीचा वेग हाती येतो : २ × २.५ × ६९.२ = ३४६. कपाटे, दारे आणि कोनाडे ह्यांमुळे खुणा थोड्या इकडेतिकडे सरकतील. त्या का सरकल्या ह्याचाही विचार करावा. तोच प्रयोग जानेवारीत आणि मे महिन्यात करून पाहण्यासारखा आहे. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. खोलीतील हवा १५ अंशांवर असता हाच स्वर ६८.१ हर्ट्झवर आणि ३५ अंशांवर असता ७०.५ हर्ट्झवर सापडेल. भोपाळच्या उन्हाळ्यात आपला दिवाणखाना हिवाळ्यापेक्षा किंचित चढ्या पट्टीत असतो, हे स्वतः पडताळून पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

प्रयोग झाल्यावर खडूच्या खुणा पुसण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी नेहमी कोठे बसतात ते पाहावे. त्यांची खुर्ची एखाद्या खुणेवर आढळली, तर ती हातभर सरकवावी, आणि मग त्यांना आवडणारे एखादे मंद्रातले गाणे लावून डग्गा कसा वाटतो ते विचारावे. प्रत्येकाने आपल्या खोलीची मापे, खुणांची अंतरे आणि घरच्यांचे अभिप्राय वहीत नीट टिपून ती वही सुटीनंतर विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.